पांढरी बसली

"पांढरी बसली," असं म्हणत महादेवनं सुरी मथुरेच्या हातात दिली. "अंडं नाही की उठायचं नाव नाही. बसून खाणारं जनावर काय कामाचं? आज रस्सा कर."

शुक्रवार होता. महादेवच्या बहारीनमधल्या, तुबली गावातल्या गॅरेजला सुट्टी. सौदीला जोडणाऱ्या पुलाच्या कामावरचे ट्रक दुरुस्त करून थकलेले गॅरेजातले शंभू आणि शिवदास नेहमीसारखे जेवायला आले होते. आत पत्ते रंगले होते.

मथुरा अंगणात खुराड्यापाशी वाकली. गुडघ्यातून कळ आली. इथे आल्यापासून हे दुखणं मागेच लागलं होतं. पांढरी पाय फाकून पडली होती, डोळे मात्र टक्क उघडे. तीन कोंबड्यांत हीच खरी देणारी. गेल्या महिन्यात कवच कागदासारखं पातळ झालं, तरी बिचारी देतच राहिली. आणि आता हिच्याच मानेवर सुरी? वा रे न्याय!

घरमालकीण जुबैदा अंगणातच कपडे वाळत घालत होती. सुरी बघून ती लगबगीनं आली आणि तिनं पांढरीचं छातीचं हाड चाचपलं.

"सुस्त नहीं है ये," ती आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. "खाने में चूना मफी, बिलकुल नहीं. अपना हड्डी गला के अंडा दिया. अब हड्डी खलास. क्या खिलाती तू इसको?"

"वही. जो बचता है."

"और तू क्या खाती?"

मथुरा काय खायची? पुरुष जेवून उठले की पातेल्याला लागलेला भात, कालवणाचं पाणी, तेही ओट्याशी उभ्यानं. अंड्याची पोळी तिच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. जरा कुठे टेकावं, तर आतून महादेवची हाक यायची, "बसलीस काय गं?" तिची कानशिलं संतापानं तापली.

सुरी तिनं मोरीत भिरकावली. जुबैदानं आपल्या कोंबड्यांचं खाद्य आणि खाडीवरचे शिंपले आणून दिले. मथुरेनं शिंपले वरवंट्यानं असे कुटले, की आतले पत्ते थांबले. तो चुरा खाद्यात कालवून तिनं वाटी पांढरीच्या चोचीशी धरली. पांढरीनं एक टोच मारली. मग दुसरी.

दुपारी तिघं हात धुऊन आले. रश्शाचा वास नव्हता. चटईवर एकच ताट वाढलेलं होतं. वाफाळता भात, सुरमईची मधली तुकडी, दोन अंड्यांची पोळी. ताटासमोर मथुरा मांडी घालून बसली होती.

महादेव बघतच राहिला. "अगं, बसलीस काय?"

"हो, बसले. जेवायला," मथुरेनं पहिला घास घेतला. "तुम्ही थांबा जरा. उरेल ते तुमचं."