दोन वाक्यांत कादंबरी

राधाकृष्ण सरांनी घसा खाकरला आणि न वाचलेल्या कादंबरीवर ते बोलू लागले. "‘कुलपातली साखर’ ही काळजाला हात घालणारी कलाकृती आहे. शेवटच्या पानावर मला रडू आवरलं नाही."

अश्विनीने हसू ओठांतच दाबलं. सरांना शेवटचं पान सापडलं तरी कुठे? कादंबरीच्या साऱ्या प्रती तिच्याच घरी, सासूच्या पलंगाखाली गठ्ठ्यांत पडून होत्या. एकही खपली नव्हती. मुखपृष्ठावरची सुकन्या प्रवरेकर म्हणजे हायस्कुलात मराठी शिकवणारी आपली अश्विनी, हे अख्ख्या कोल्हारात कुणाला ठाऊक नव्हतं. घरीसुद्धा तिने शाळेची पुस्तकं आलीत म्हणून सांगितलं होतं.

वाचक मंडळाचा नियम सोपा होता. महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयात जमायचं, ठरलेल्या कादंबरीवर प्रत्येकाने दोनच वाक्यं बोलायची आणि मग भेळ खायची. दोन वाक्यांना पुस्तक लागतंच कशाला? या खेपेची कादंबरी अश्विनीने सुचवली होती. कुठे मिळेल म्हणून कुणीतरी विचारील, या आशेवर तिने महिना काढला. एकानेही विचारलं नाही. तेव्हा तिने ठरवून टाकलं, सगळ्यांना मनसोक्त बोलू द्यायचं आणि मग भर बैठकीत एकेकाचं पितळ उघडं पाडायचं.

पार्लरवाल्या मोनिकाला नायिकेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. खतांच्या दुकानाचे वैजनाथराव निसर्गवर्णनावर बेहद्द खूश झाले. त्या पुस्तकात निसर्ग औषधालाही नव्हता. सगळी गोष्ट एका स्वयंपाकघरात घडत होती. सासू साखरेच्या डब्याला कुलूप लावते आणि सून आतल्या आत करपत जाते, एवढीच गोष्ट. अश्विनीला या माणसांची किळस आली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली. पान उलटायचं नाही आणि निकाल मात्र द्यायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ती बोलायला उठणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या चांगुणाबाईंनी हात वर केला. या तिच्या सासूबाई. त्या मंडळात येत त्या भेळेसाठी आणि चष्मा लावत तो पोथीपुरता, असं अश्विनी चारचौघांत हसून सांगायची.

"म्या वाचली," चांगुणाबाई म्हणाल्या. "लिवनारीचा हात चांगला हाय, पर कुलपाचं खोटं लिव्हलंय."

अश्विनीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वाक्यांत हिने आपली कादंबरी खोटी ठरवली! आपण कशासाठी उठणार होतो, टोपणनाव कशासाठी घेतलं होतं, सगळं ती विसरली.

"खोटं कसं, आत्या? इतकी वर्षं ते कुलूप मी रोज बघितलंय."

सरांनी मोनिकाकडे पाहिलं, मोनिकाने वैजनाथरावांकडे. आपण काय बोलून बसलो ते अश्विनीला कळलं, पण आता उशीर झाला होता.

चांगुणाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"तुज्या मामंजींना शुगर हुती. चोरून साखर खायचे म्हनून ते कुलूप, आन् सुनेला कळू दिऊ नको आशी त्यांनीच शपथ घातल्याली. ते गेल्याव मी कुलूप काढलं, तवाबी तू इचारलं न्हाईस."