तिसरी टिकली

काशीरामने रॉकेलचा बोळा गाडीच्या ब्रेक-ड्रमवर फिरवला आणि बोळा काळाकुट्ट झाला. नव्या ड्रमचा रंग असा सुटत नाही.

"भिकाजी, हा कुठून आणलास रे?"

"कुठून म्हणजे? नवीन माल आहे. पंधरा दिवस झाले बसवून." शेजारच्या गॅरेजचा मालक भिकाजी दारातूनच म्हणाला. "ब्रेक मारला की गाडी थरथरते म्हणते बाई. जरा बाक असेल. लेथवर चढव, एक हात फिरव आणि गुळगुळीत करून दे. साडेबाराला तिला पोरं न्यायची आहेत."

बाई बाहेर पत्र्याच्या स्टुलावर बसली होती. वनमालाबाई. स्वतःची मॅटाडोर, स्वतःच चालवायची. दुपारच्या शाळेची चौदा पोरं असल्फ्याच्या उतारावरून खाली शाळेत नेऊन सोडायची. मांडीवर मेथीची जुडी होती, ती निवडत होती. नुसतं बसणं तिला जमतच नसे.

"पोरांना मजा वाटते हो," आतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "उतारावर ब्रेक दाबला की सगळी ओरडतात, भूकंप! भूकंप!"

भिकाजी हसला. काशीरामने ड्रमच्या कडेवर नख घातलं. रंगारी खड्डे बुजवायला भरतात त्या लांबीची एक खपली टचकन उडाली. खाली ठिपका. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. तिन्ही एका ओळीत, आणि ओळ तिरकी.

ही टिकली त्याचीच. ड्रम वेडावाकडा झाला की लेथवर आतून थोडं लोखंड सोलून त्याला सरळ करायचं, हा काशीरामचा धंदा. पण सोलायचं तरी किती? पहिल्यांदा सोलला की तो कडेवर पंचने एक टिकली ठोकायचा, दुसऱ्यांदा दुसरी. तिसऱ्यांदा कुणी तोच ड्रम आणला तर सोलायचाच नाही. तिसरी टिकली ठोकून सरळ भंगारात. तिसरी टिकली म्हणजे ड्रमचं तेरावं, असं तो म्हणायचा. आणि काशीराम डावखुरा. अख्ख्या घाटकोपरात टिकल्यांची अशी तिरकी ओळ दुसऱ्या कुणाची नव्हती.

त्याचं भंगार भिकाजी उचलून न्यायचा. विकतो म्हणायचा, आणि त्यातूनच रोज अकरा वाजता दोघांना चहा. भंगाराचा चहा! नऊ वर्षं दोघं हेच म्हणत आणि हसत तो चहा पीत आले होते. आजचा ग्लास लेथवरच होता, अर्धा संपलेला.

"हा मेलेला ड्रम आहे," काशीराम म्हणाला. "मी मारलाय. पाडव्याच्या आदल्या दिवशी."

"हळू बोल ना यार." भिकाजी आत आला. "बाईमाणूस आहे, तिला काय कळतंय? तू हात फिरव. थरथर गेली की बाई खूश, पोरं खूश."

"थरथर जाईल रे! ती थरथर आहे म्हणून बाई सांभाळून चालवते. ती गेली की बिनघोर सोडेल गाडी. आणि अजून सोलला तर आत राहिलं काय, पापड? भर उतारावर फुटला म्हणजे?"

"काय फुटतोय! आजवर इतके बसवले, एक तरी फुटला का?"

बोलून गेला आणि भिकाजीने जीभ चावली.

"इतके?" काशीरामने विचारलं.

भिकाजीने लेथवरचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"शिरा पडली तुझ्या तोंडार!" काशीराम ओरडला. एरवी गावच्या बोलीतली शिवी तो गावालाच ठेवून यायचा. त्याने ड्रम उचलला, दुसऱ्या हातात घण घेतला आणि बाहेर आला.

"बाई, जरा बाजूला व्हा."

"अहो, हे काय करताय? साडेबाराला..."

एकच घाव घातला. कौल फुटावं तसा ड्रम फुटला. तीन तुकडे.

"हा तुमचा नवीन ड्रम," काशीराम म्हणाला. "तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी गाडीत झिजून माझ्याकडून भंगारात गेलेला. वर लांबी, वर रंग."

वनमालाबाईने एक तुकडा उचलला. मेथीची एक काडी त्याच्या तुटलेल्या कडेला लावून पाहिली. काडी आणि कड, जाडी सारखीच.

मग ती दारात आलेल्या भिकाजीकडे वळली. "दुसऱ्या चाकात पण हेच बसवलंय ना?"

भिकाजीने पायाने एक तुकडा बाजूला सारला.

"माझी स्वतःची मुलगी बसते रे त्या गाडीत. पुढच्या सीटवर," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. मेथी पिशवीत कोंबून ती उठली. "आज सगळी पोरं चालत जातील. मी नेते. गाडीला हात लावू नकोस. लावलास तर बघ."

ती तरातरा चढाकडे निघून गेली.

काशीराम आत आला. त्याला किळस आली होती. भिकाजीची तर आलीच, पण जास्त स्वतःच्या जिभेची. त्याने ग्लासातला चहा बाहेर गटारात ओतला. माठातलं पाणी घेऊन खळखळून चूळ भरली, थुंकला. पुन्हा भरली. चव काही जाईना.

बाहेर भिकाजी वाकून तुकडे गोळा करत होता आणि सवयीने एकेक भंगाराच्या गोणीत टाकत होता.

"भिकाजी," काशीरामने दारातून विचारलं, "नऊ वर्षांत तू मला किती चहा पाजलेस रे?"