पहिल्याच हिसक्यात

१. कच्चा टाका

"या वर्षी घट्ट शिव, वहिनी," धाकटा म्हणाला.

वहिनीने दाताने दोरा तोडला. तिच्या मांडीवर कॅप्टनचा निळा कोट होता. शेजारी दोन खांदेपट्ट्या पालथ्या पडल्या होत्या, कलाबतूच्या झालरीच्या. झालर तिनेच वळली होती, जुन्या चित्रात पाहून. एवढी मेहनत कशासाठी, तर उपटून फेकण्यासाठी.

मंडळाची माणसं दर वर्षी मैदानावर एक जुनी लढाई पुन्हा उभी करत. शेवटी, न लढता पूल सोडणाऱ्या कॅप्टनला पलटणीसमोर आणत आणि जनरल त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या ओरबाडून चिखलात फेकी. लोक त्यासाठीच थांबत. जनरल व्हायचा वहिनीचा नवरा, कॅप्टन त्याचा धाकटा भाऊ. पट्ट्या झटक्यात निघाव्यात म्हणून वहिनी त्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर टांगून ठेवायची.

"घट्ट शिवल्या तर तुझ्या भावाचा हात निखळेल."

"निखळू दे. मुंगी येणारे बघायला."

मुंगी म्हणजे त्याची मुलगी. आईबाप वेगळे झाल्यापासून ती आईकडे असायची. बापाला गणवेशात पहिल्यांदाच पाहणार होती.

"बाबा ऑफिसर असतो म्हणून सांगून बसलोय तिला. आता तिच्यासमोर चोरासारखी मान खाली घालू?"

"काय शिजतंय?" नवरा दारात उभा होता.

"दादा, यंदा पट्ट्यांचं तेवढं गाळू या का?"

"गाळू या की. मग लढाईपण गाळू, पूलपण गाळू. डबे घेऊन सहलीला जाऊ."

"मी गंमत करत नाहीये."

"मीपण नाही. जे घडलं ते घडलं. कॅप्टनच्या पट्ट्या निघणार."

धाकटा चपला पायात सरकवून निघून गेला. मागे वळूनही पाहिलं नाही.

"माणसाने इतका दगड होऊ नये," वहिनी म्हणाली.

नवऱ्याने कोट उचलून छातीला लावून पाहिला. "दोन्ही कोट एकाच मापाचे ना?"

"तुम्ही दोघं एकाच साच्यातले. अक्कल तेवढी वाटून घ्यायला गेलात आणि मधल्या मध्ये सांडलीत."

"हं. टाके कच्चेच घाल. यंदा पहिल्याच हिसक्यात निघायला हवं. अडकायला नको."

"एवढी हौस?"

"घाल म्हटलं ना."

२. उलटी टीप

कच्चा दोरा तिने डब्यात परत ठेवला. चामड्याचे पट्टे शिवायचा जाड दोरा काढला, दुहेरी केला, मेणावरून ओढला.

टाका. मागे. टाका. मागे.

नवऱ्याशी इतकं भांडण तिने तोंडाने कधी केलं नव्हतं.

शिवून झाल्यावर पट्टीला धरून कोट उचलला, झटकला, खुंटीला टांगला. पट्टी जागची हलली नाही.

सकाळी दोन्ही कोट नवऱ्यानेच पेटीत घातले. एरवी तो इकडची काडी तिकडे करत नसे. बिंग फुटतंय की काय म्हणून वहिनीचा जीव टांगणीला लागला. त्याने पेटी बंद केली आणि "मुंगीला तू घेऊन ये," एवढंच म्हणाला.

३. उसवण

दोरखंडाच्या या बाजूला, अगदी पुढे, वहिनी आणि मुंगी. पलीकडे धूर, चिखल, ढोल. टोप्या भुवयांवर ओढलेल्या, मिश्या चिकटवलेल्या. इतक्या लांबून सगळे एकाच आईचे दिसत होते.

कॅप्टनला आणलं. तो ताठ उभा राहिला. वहिनीला बरं वाटलं.

जनरल आला. मुंगी टाचा उंचावून उभी राहिली.

जनरलने पट्टी धरली आणि हिसका दिला.

काही झालं नाही.

दुसरा हिसका. मग दोन्ही हातांनी. कलाबतू हातात आली, पट्टी नाही. ढोलवाला वाजवायचं विसरला.

"साहेब, कात्री देऊ का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

हशा पिकला. जनरल आता जवळजवळ लोंबकळत होता. कॅप्टन त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, आणि मग स्वतःच खांदा उलट्या बाजूला ओढू लागला. हा बावळट मदत कसली करतोय, वहिनीला कळेना. उभा राहा की नुसता.

जनरलचा पाय सरकला. तो सगळ्या पदकांसकट चिखलात बसला. लोक पोट धरधरून हसले. वहिनीही हसली, टाळ्या वाजवत, डोळ्यांत पाणी येईतो. इतक्या वर्षांची उधारी एका दोऱ्याने फेडली होती.

मुंगी हसत नव्हती. तिने वहिनीचा टाळी वाजवणारा हात धरून खाली ओढला.

"काकू, बाबा म्हणाले होते, जनरलला कुणी हसत नाही. मग माझ्या बाबांना सगळे का हसताहेत?"