डिकीचा पत्रा

“ग्राइंडर नको,” थोरला म्हणाला. “ठिणग्या उडतात, आणि आवाजाने कान किटतात.”

“मग ही कात्री न्या. हाताने चालवायची. हिच्याहून स्वस्त काही नाही.”

थोरल्याने पत्रा कापायची ती कात्री दोनदा उघडून मिटली. “हिने कड वाकते. बोटांचाही जीव जातो.”

“काका, स्वस्त हवं, हलकं हवं, वर मुकाट्याने काम करणारं हवं! अहो, असं माणूस मिळत नाही, हत्यार कुठून मिळणार?” दुकानदाराने हसत खालच्या फळीवरून एक खोकं काढलं. “हा कटर बघा. घरच्याच ड्रिलला लावायचा. उंदरासारखा पत्रा कुरतडत जातो. ठिणगी नाही, काही नाही. पण या वेळी गाडीचं सडलंय कुठे?”

“डिकीत. स्टेपनी ठेवतो ना, तिथे.”

“अजून सडतेच आहे? गाडी आहे की चाळण?”

थोरला ओशाळून हसला आणि खोकं पिशवीत टाकून निघाला.

गाडी वडिलांची. त्यांच्या मागे घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं असं फाटलं की एकमेकांचं तोंड बघायची सोय उरली नाही. घर वाटता आलं, गाडी कशी वाटणार? शेवटी ठरलं, की दोघांनी मिळून ती नीट करायची, विकायची आणि आपापल्या वाटेला लागायचं. तेव्हापासून धाकटा दर रविवारी यायचा. गॅरेजची एक किल्ली त्याच्याकडेही होती. थोरला उठून चहा घेऊन जाईपर्यंत धाकटा सडका भाग कापून, भंगारात टाकून मोकळा! गंज हेरण्यात त्याची नजर मोठी तेज. एक ठिगळ लागतंय तोवर दुसरं भोक तयार. मग थोरला नवा पत्रा धरायचा आणि धाकटा जोड द्यायचा. बोलणं गाडीपुरतंच, फोनही गाडीपुरताच. पण कधी हसताना धाकट्याचा आवाज हुबेहूब लहानपणीसारखा यायचा, आणि थोरला पत्रा धरल्याधरल्या त्याच्याकडे बघत राहायचा.

गेल्या रविवारी धाकटा हात पुसत म्हणाला होता, “झालंच की सगळं. आता गिऱ्हाईक बघायला हरकत नाही.”

“हो, बघू,” थोरला म्हणाला होता. त्या रात्री त्याला घास गेला नाही.

“आणलंत का नवीन खेळणं?” दारातच बायकोने विचारलं. “गाडी चकचकीत झाली म्हणत होतात ना? आता आणखी काय कापताय?”

“तुला नाही कळायचं त्यातलं,” म्हणत तो गॅरेजमध्ये गेला.

त्याने डिकी उघडली, स्टेपनी उचलून खाली ठेवली, रबरी चटई गुंडाळली. खाली पत्रा आरशासारखा स्वच्छ होता. गेल्याच महिन्यात दोघांनी मिळून बसवलेला. थोरल्याने त्यावरून एकदा तळवा फिरवला. मग ड्रिलला कटर लावला, आणि चांगल्या धडधाकट पत्र्याला वीतभर भोक पाडलं.

त्याला गाडी नको होती. विकून येणारे पैसे तर त्याहून नको होते. त्याला रविवार हवा होता.

कापलेला तुकडा त्याने चिंधीत गुंडाळून जुन्या डब्यात दडवला आणि फोन लावला.

“हॅलो, मी बोलतोय. अरे, गाडीचं काम निघालंय पुन्हा. रविवारी यावं लागेल.”

“मग येतो की!” धाकटा लगेच म्हणाला. “दिसलं वाटतं तुला?”

“दिसणारच ना. डिकीचा पत्रा पार सडलाय रे.”



“डिकीचा?” धाकटा चाचरत म्हणाला. “पण दादा, या वेळी मी दाराखालचा कापलाय.”