पंचवीसचा भाव

"पोरी, मागच्या साली दिरहम पंचवीसवर कोणत्या दिवशी व्हता, तेवढं सांग मले." गिरधर आबांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले.

जळगावात मेहरूणच्या रस्त्याला परदेशी पैसे बदलून देणारं एक दुकान आहे. हेमांगी तिथं कॉम्प्युटरवर बसते. तिला वाटलं, म्हाताऱ्याला नोटा बदलायच्या आहेत.

"आजचा भाव सांगू का, आबा?"

"आजचा घेऊन काय करू, माय?"

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढून तिच्यापुढे ठेवले. मुलगा योगराज दुबईला होता. मागच्या साली तिकडेच गेला, माती पण तिकडेच झाली. कंपनीच्या कागदावर एक तारीख, दवाखान्याच्या कागदावर दुसरी. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं, नि गुरुजी विचारतात, तिथी कोणती धरायची? योगराजच्या आईनं, बेबाबाईनं, तर जेवण टाकलंय. चुकीच्या दिवशी वाढलेलं पान माझ्या पोराला पोचायचं नाही म्हणते.

"त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं सांगितलं व्हतं. घरी फोन केला अन् दुसऱ्या दिवशी गेला म्हणे. त्या सोबत्याचा नंबर आता लागत नाही. माहा फोन पाटात पडला, त्यातलं सगळं गेलं. पण त्या दिवशीचा भाव ध्यानात आहे माह्या. पंचवीस. भाव सापडला का दिवस सापडला."

आता कुणी म्हणेल, कसला हा बाप, पोराच्या शेवटच्या फोनातला याला भाव तेवढा आठवतो! पण मुक्ताईनगरकडे केळी-कापूसवाल्यांचं असंच असतं. पोराला 'बरा आहेस ना' विचारायला जीभ उचलत नाही, म्हणून 'काय भाव?' विचारायचं. तेवढ्यात आवाज कळतो, जेवला की नाही तेही कळतं. निदान आबांना तसं वाटायचं. योगराजही फोन लावला की आधी दिरहमचा भाव सांगायचा. बाकीचं बोलणं फारसं नसायचंच.

हेमांगीनं मागच्या सालचे सगळे भाव काढले. वर-खाली करून दोनदा पाहिले.

"आबा, पंचवीस नाही कुठंच."

"नीट पाहाय ना, माय."

"पाहिलं. अख्ख्या वर्षात नाही."

"असं कसं? बरं, भाऊबीजेचा पाहाय. बावीस पासष्ट?"

"बरोबर. बावीस पासष्ट."

"पाहाय! माह्या ध्यानात असते. आता संक्रांतीचा. तेवीस व्हता."

हेमांगी पुन्हा स्क्रीनवर खाली-वर करू लागली.

"महाशिवरात्रीले चोवीस?"

तिनं स्क्रीनच त्यांच्याकडे फिरवली. दिवाळीपासून होळीपर्यंत एकच रेघ होती, कुठं वर नाही, कुठं खाली नाही. "भाव हललाच नाही, आबा."

"पण तो तर दर खेपेले चढला सांगे!" आबांचा आवाज चढला. मशीन चुकत असेल, अशा नजरेनं ते स्क्रीनकडे बघत राहिले. "म्हणे आबा, भाव चढून राहिला, आता पैसे पाठवत नाही, चढले का एकदमच पाठवतो. मीच म्हटलं थांब, घाई करू नको. आमचा कापूस नाही का घरात पडून राहत भावासाठी?"

हेमांगीनं कंपनीचा कागद उचलला. इंग्रजी होता. ती खालपर्यंत वाचत गेली आणि थांबली.

"हा कुणी पूर्ण वाचून दाखवला नाही का तुम्हाला?"

"तारीख दाखवली. दुसरं काय राहते त्याच्यात?"

"आबा..." तिनं कागद खाली ठेवला. "दिवाळीतच त्याला कामावरून कमी केलं होतं."

आबा उभे होते ते स्टुलावर बसले. हेमांगीनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्यांनी तो हातात घेतला, प्यायले मात्र नाहीत.

"शेवटच्या फोनात अजून काही बोलला होता का तो?" तिनं हळूच विचारलं.

"बोलला ना. म्हणे, आबा, पंचवीस झाला. आता येऊ का घरी?"

"मग?"

"मी म्हटलं..." पाणी धोतरावर सांडलं. "मी म्हटलं, चढून राहिला तर चढू दे. अजून थोडं थांब."

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उगाच माउस हलवत राहिली. ती रेघ तशीच होती. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला हातानंच थांबायला सांगितलं.

"तिथीचं काय करायचं मग, आबा?"

"आखाजीले, अक्षय तृतीयेले, घागर भरू त्याची. तठी सगळ्याच गेलेल्यांची भरतात, तारीख कोणी इचारत नाही." त्यांनी कागद घडी करून पिशवीत घातले, पण चुकीच्या घडीवर. "येतो, माय."

बाहेर पायरीवर उन्हात उभं राहून त्यांनी गावातल्या कापसाच्या व्यापाऱ्याला, कुंदनला, फोन लावला.

"गाडी लाव दाराशी. घरातला कापूस आजच भरून ने. सगळा."

"आबा, काय झालं तुम्हाले? दिवाळीपासून धरून ठेवला अन् आज देता? भाव पडेल आहे. महिनाभर थांबा, चढीन."

आबा एकदम ओरडले. रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले.

"मी भाव इचारला का तुले?"