गिरणीमागची झाडी

"सांग की डेन्झिल, या झाडीत कोणी लपलंय का?" पर्सीने विचारलं. त्याचे शिशाचे घोडेस्वार टेबलावरच्या खेळण्यातल्या गिरणीला वळसा घालून मागच्या झाडीला भिडले होते.

डेन्झिल नुसता बघत राहिला. डाव मांडताना आपल्या तोफांची चिठ्ठी त्याने कुठल्याशा झाडीखाली सरकवली होती. कुठल्या, ते डोक्यातून पार पुसलं गेलं होतं.

शेजारी विणत बसलेल्या लोवेनाच्या सुया थांबल्या. नवऱ्याचा हा चेहरा ती हल्ली घरी रोज बघायची. चर्चच्या हॉलमध्ये, चार लोकांत, आज पहिल्यांदाच.

या खेळाच्या मंडळाचा चिटणीस कीथ पुढे वाकला. वय तिशीचं, तोरा साठीचा. "सांगितली नाही तर तुकडी बाद. आणि डेन्झिलकाका, आपलीच माणसं कुठे ठेवली ते आठवत नसेल, तर एक्झेटरच्या सामन्याला मला दुसऱ्या कोणाला न्यावं लागेल."

"नियम वाच," पर्सी म्हणाला.

"लपलेली तुकडी शत्रूच्या नजरेस पडताच उघड करावी."

"कोणी?"

"ज्याची असेल त्याने. हे काय सांगायला हवं?"

"लिहिलंय का तसं?"

कीथने नियमांच्या वहीचं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. तसं लिहिलेलं नव्हतं.

"नजर शत्रूची. शत्रू मी. म्हणजे बघायचं मीच." पर्सीने झाडी उचलली. खाली चिठ्ठी पालथी पडली होती. ती त्याने उलटली. "तोफा. लपलेल्याचा पहिला बार. गेले माझे घोडे."

"स्वतःच्याच विरुद्ध नियम लावता?" कीथ म्हणाला. "आणि घोडे घेऊन झाडीत शिरतं का कोणी?"

"मी शिरतो. तू एक्झेटरची तिकिटं काढ."

डेन्झिलच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. तो खुर्चीत ताठ बसला. "फसलास की नाही, पर्सी? तुला वाटलं, मी विसरलो."

"वाटलं खरं."

"जन्मभर तोफा गिरणीमागेच लपवत आलोय मी. अजून तुला कळलं नाही."

"कसं कळणार? मुलखाचा धूर्त तू," पर्सी म्हणाला आणि आडवे पडलेले घोडे एकेक करून पेटीत ठेवू लागला.

लोवेनाने डबा उघडला. त्यातला सगळ्यात मोठा, केशर घातलेला गोड बनपाव ती नेहमी नवऱ्यासाठी राखायची. तो तिने पर्सीच्या बशीत ठेवला.