आधी मनगट, मग फासा

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर फासे टाकत सोंगं वठवायचा खेळ ऐन रंगात आला होता. दादा झाला होता योद्धा आणि त्याची धाकटी बहीण जखमा बऱ्या करणारी पुजारीण. एरवी ती नर्स; "सुट्टीच्या दिवशीही माझ्या नशिबी पेशंटच," असं तिचं रडगाणं चालूच होतं. खेळ चालवायची वहिनी, आणि नियमही वहिनीचाच: पुजारणीनं जखमी माणसाचं मनगट धरून मंत्र म्हणायचा, मगच वीस बाजूंचा फासा टाकायचा.

"योद्ध्याच्या पायात बाण घुसला," वहिनीनं जाहीर केलं.

दादा खुर्चीत मागं रेलला आणि डावा दंड चोळत कण्हला.

"अरे, बाण पायात आणि तू दंड काय चोळतोस? नाटक तरी धड कर!"

असं म्हणत बहिणीनं हसत हसत त्याचं मनगट धरलं, मंत्र सुरू केला आणि अर्ध्यावरच ती थांबली. त्याचा हात घामानं गार पडला होता. बोटांखालची नाडी दोन ठोके धावत होती आणि तिसरा गाळत होती.

"मंत्र विसरलीस ना?" म्हणत वहिनीनंच फासा टाकला. "वीस! योद्धा वाचला!"

बहिणीनं मनगट सोडलं नाही.

"दादा, दंड कधीपासून दुखतोय?"

दादानं वहिनीची नजर चुकवली.

"सकाळपासून," तो पुटपुटला. "म्हटलं, दुपारी तू येतेच आहेस."